अॅसिडिटीचे औषध चुकून जास्त घेतले गेले तर

गुलाबी रंगाचे, पुदिन्याच्या चवीचे अँटासिड सिरप लहान मुलांना सरबतासारखे वाटते. मुलाने बाटली तोंडाला लावली की घरात घबराट उडते. बहुतेक वेळा धोका मोठा नसतो, मात्र कोणी, काय आणि किती घेतले यावर सगळे अवलंबून असते.

या सिरपमध्ये सहसा अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असते. निरोगी मुलाने दोन-चार घोट घेतले तर पोट बिघडते, जुलाब किंवा उलटी होते. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, फॅमोटिडिन यांच्या एक-दोन जास्त गोळ्यांनीही सहसा गंभीर काही होत नाही. तान्ह्या बाळाबाबत मात्र असे गृहीत धरू नका. लगेच डॉक्टरांना विचारा.

नावापुढचा 'डी' पाहा

आपल्याकडे पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल बऱ्याचदा डोमपेरिडोनसोबत एकाच कॅप्सूलमध्ये मिळते. नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' असते. घरचे सांगतात, "अॅसिडिटीचीच गोळी होती," आणि दुसरे औषध राहून जाते. डोमपेरिडोन जास्त झाल्यास लहान मूल सुस्त होऊ शकते, मान वाकडी होते, डोळे वर फिरतात, झटकेही येऊ शकतात. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचाही धोका असतो. अशी एकच कॅप्सूल लहान मुलाच्या पोटात गेली तरी डॉक्टरांशी बोला.

किडनीचा आजार असेल तर

मला सर्वात जास्त काळजी या रुग्णांची वाटते, कारण इथे कोणी बाटली रिकामी केलेली नसते. रोजचाच डोस हळूहळू साचत जातो. मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकण्याचे काम किडनी करते. आजोबा रात्री बद्धकोष्ठतेसाठी 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' घेतात आणि दिवसभर छातीत जळजळ झाली की अँटासिड. दोन्हींत मॅग्नेशियम आहे, पण बेरीज कोणी करत नाही. मग मळमळ, अशक्तपणा, गुंगी येते. पुढे रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, श्वासही मंद होऊ शकतो. घरच्यांना हे 'वयामुळे' वाटते. डायलिसिसच्या रुग्णांत अॅल्युमिनियम दीर्घकाळ साचल्यास हाडे आणि मेंदूवर परिणाम होतो. कॅल्शियमच्या चघळायच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या, त्यात वरून कॅल्शियम-डी३ची गोळी, तर रक्तातील कॅल्शियम वाढून खूप तहान, वारंवार लघवी आणि गोंधळल्यासारखे होते. यात निरोगी किडनीही बिघडू शकते.

खाण्याचा सोडा

स्वयंपाकघरातला म्हणून तो निरुपद्रवी समजला जातो. एका चमचा सोड्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम असते. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांना ते जड जाते. वारंवार घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटते, हातापायांत गोळे येतात. भरपेट जेवणावर भरपूर सोडा घेऊ नका. बाळाच्या पोटदुखीवर तर सोडा कधीही देऊ नका.

लगेच काय करावे

- तोंडातील उरलेले औषध बाहेर काढा.
- उलटी करवू नका. मिठाचे पाणी पाजू नका. त्यानेच मुलाच्या रक्तातील सोडियम धोकादायक वाढू शकते.
- बाटली किंवा स्ट्रिप जपून ठेवा, किती औषध कमी झाले आणि किती वाजता घेतले ते लिहून ठेवा.
- दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तिथे सल्ला मिळतो.

गुंगी, झटके, श्वासाचा त्रास, मान वा डोळे वळणे, पोट टम्म फुगून असह्य दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास फोनवर सल्ला घेत थांबू नका. १०८ला फोन करून रुग्णालय गाठा. औषध जाणूनबुजून जास्त घेतल्याची शंका असेल, तर रुग्ण ठीक दिसत असला तरी रुग्णालयात न्या आणि त्याला एकटे सोडू नका.

किडनीच्या रुग्णाला तपासणीला नेताना दुकानातून स्वतःच आणलेल्या बाटल्या आणि पुड्याही पिशवीत घाला. त्या प्रिस्क्रिप्शनवर नसतात, त्यामुळे डॉक्टरांना कळत नाहीत.