८८.५ वर आपलं स्टेशन

बसा पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. ती जागा आज तुमची, कारण गाणी तुमच्या मोबाईलमध्ये आहेत. साल २०१०, गणपतीच्या दोन दिवस आधीची पहाट, दादरची गल्ली. काकांची डिझेल इंडिका चालू होऊन अशी थरथरतेय की खिडकीच्या काचा वाजतायत. नाकात डिझेल, मोगऱ्याची अगरबत्ती आणि काकूच्या पिशवीतल्या चिवड्याची फोडणी, सगळं एकदमच शिरतं. मागे आजोबा, काकू आणि दोघांच्या मध्ये आखडून बसलेला चुलतभाऊ. त्याच्या मांडीवर थर्माकोलचं मखर, आणि मखराची एक कमान तुमच्या मानेत रुतलेली. सावंतवाडीपर्यंत ती तिथेच राहणार आहे.

‘‘लाव बघू तुझं ते यंत्र,’’ काका म्हणतात.

मोबाईल म्हणजे नोकिया ५१३० एक्सप्रेसम्युझिक, कडेला गाणी बदलायची बटणं, आत २ जीबीचं कार्ड. काल संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्यानं ते भरून दिलंय. त्यानं विचारलं एवढंच, ‘‘नवीन टाकू की मिक्स?’’ त्यामुळे कार्डात काय काय आहे हे तुम्हालाही नीट ठाऊक नाही. भीमसेनांचे अभंग आहेत, ‘नटरंग’ आहे, आणि ‘ट्रॅक ०४’ नावाची एकंदर अकरा गाणी आहेत.

गाडीच्या टेपला यातलं काहीच कळत नाही. त्याला कळते कॅसेट आणि कळतो रेडिओ. ब्लूटूथ म्हणजे दोन मोबाईल शेजारीशेजारी धरून एक गाणं इकडून तिकडे सरकवायचं, एवढाच त्याचा या घरातला उपयोग. तेव्हा टेपला फसवायचं कसं, हा खरा प्रश्न.

पहिला डाव कॅसेटचा. लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून आणलेली ही कॅसेट हातात घेऊन बघा: आत फीत नाही, चार प्लास्टिकची चाकं आणि एक छोटं चुंबकीय हेड, आणि पोटातून निघालेली काळी वायर. वायर मोबाईलला, कॅसेट टेपमध्ये. तिचं हेड टेपच्या हेडला चिकटतं आणि टेपला वाटतं, फीत फिरतेय. आजोबांनी फर्माईश केलेला अभंग सुरू होतो, पण मागे चाकांची घरघर लागूनच आहे. सायनपर्यंत गाडी बरी चालते. तिथे टेपला शंका येते, ही बाजू संपली की काय. खट्! तो बाजू उलटवतो. सात सेकंद शांतता. खट्! परत पहिली बाजू. मग तो खटखट करतच राहतो.

‘‘काढ ते,’’ आजोबा म्हणतात. ‘‘बुवांना उचकी लागल्यासारखं वाटतंय.’’

मग दुसरा डाव. सिगारेट लायटरच्या भोकात बसणारं, निळ्या आकड्यांचं एफएम ट्रान्समीटर. अंगठ्यापेक्षा जरा मोठं. याच्यात एक इवलंसं रेडिओ स्टेशन आहे. मोबाईलमधलं गाणं वायरीतून घेतं आणि हवेत सोडतं. पल्ला चारपाच मीटर. टेपच्या रेडिओला वाटतं, मुंबईत आणखी एक केंद्र निघालं.

फक्त या नव्या केंद्राला जागा हवी, आणि मुंबईच्या हवेत जागा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. काका डाव्या हाताने बटण दाबत जातात. ९१.१ वर रेडिओ सिटी, ९२.७ वर बिग, ९३.५ वर रेड, ९४.३ वर रेडिओ वन, ९८.३ वर मिर्ची. प्रत्येकाच्या आजूबाजूला त्याच्या आवाजाचा चिखल. ८८.५ जरा मोकळं दिसतं. तुम्ही यंत्रावर ८८.५ लावता, काका टेपवर ८८.५ लावतात, दोघंही श्वास रोखता, आणि खरखरीच्या आडून ढोलकी बाहेर येते. चुलतभाऊ मखरासकट उडतो.

वाशीच्या पुलावर खाडीचा खारट वारा आत येतो आणि त्याच्याबरोबर कोणतंतरी स्टेशन. एका सिमेंटची जाहिरात तुमच्या गाण्यावर येऊन बसते, अर्धा पूल ओलांडेपर्यंत उठत नाही. पुढे खड्डे. खड्ड्यात यंत्र सॉकेटमध्ये हलतं, निळे आकडे विझतात, आणि परत पेटतात तेव्हा त्यानं सगळं विसरून ८७.५ धरलेलं असतं. तुम्ही पुन्हा ८८.५. पुन्हा खड्डा. पळस्प्यापर्यंत तुम्ही यंत्र अंगठ्यानं दाबूनच बसलेले असता. ते चांगलं तापलंय. अंगठा भाजतो, पण सोडवत नाही, कारण सोडला की मागून काकूचा आवाज येतो, ‘‘आत्ता कुठे कडवं सुरू झालं होतं गं बाई!’’

कर्नाळ्याच्या घाटात मुंबई मागे पडते. डोंगर आडवा येतो, एकेक स्टेशन बारीक होतं. तुम्ही सहज बटण फिरवून बघता: सगळीकडे नुसती खरखर, सगळा पट्टा रिकामा. कुठेही लावा, राज्य तुमचं. गाणं इतकं स्वच्छ येतं की ते किती हलक्या प्रतीचं कॉपी केलंय हेही स्वच्छ कळतं. ओल्या मातीचा, दगडावरच्या शेवाळ्याचा वास खिडकीतून येतो. काका स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरतात. आजोबांना ‘नटरंग’ आवडत नाही असं ते सांगतात आणि ते संपल्यावर परत लावायला सांगतात.

हे सुख वडखळपर्यंत. तिथे सगळी मुंबई रस्त्यात उभी आहे. एसटीच्या जादा गाड्या, टेम्पो, छतावर वळकट्या बांधलेल्या सुमो. एसी बंद, कारण इंजिन तापतंय. काचा खाली, पाठ सीट कव्हरला चिकटलेली, तोंडावर ट्रकचा धूर. पोरं गाड्यांच्या मधून काकड्या विकत फिरतायत, तिखटमीठ लावून. तुम्ही एक घेता, तेवढ्यात अभंगाच्या ऐन मध्यावर एक फक्कड लावणी घुसते.

आजोबा ताठ होतात. ‘‘हे काय लावलंस?’’

तुम्ही लावलेलं नाही. अभंग परत येतो. गाडी हातभर पुढे सरकते. लावणी. एफएमचा कायदा असा की दोन जण एकाच आकड्यावर आले की ज्याचा जोर जास्त त्याचं गाणं ऐकू येतं, दुसरा गप्प. शेजारच्या सुमोच्या डॅशबोर्डवर तसलाच निळा उजेड दिसतो. त्यांच्याकडेही गोंधळ असणार, कारण आतली सगळी मंडळी टेपकडे बघत बसलीयत.

‘‘ओ दादा!’’ तुम्ही खिडकीतून ओरडता. ‘‘कितीवर आहात?’’

‘‘अठ्ठ्याऐंशी पॉइंट पाच!’’

‘‘आम्ही पण!’’

‘‘तरीच म्हटलं, विठ्ठल मधेच कुठून येतोय!’’

तह होतो. ते ९० वर जातात, तुम्ही ८८.५ वर राहता, आणि बदल्यात अर्धी काकडी पलीकडे जाते. आजोबा म्हणतात, तो अभंग आता पहिल्यापासून लाव.

नागोठण्याच्या पुढे बॅटरीची एकच काडी उरते. मोबाईल चार्ज करायचा तर त्याच भोकात, जिथे गाण्याचं यंत्र बसलंय. गाणं की फोन, यावर गाडीत मतदान होतं आणि गाणं जिंकतं. त्याच क्षणी चारही स्पीकरमधून येतं: टिडीक् टिडीक् टिडीक्, बुझ्झ्झ. सेकंदाला २१७ झटके मारत मोबाईल टॉवरशी बोलतो, आणि वायर ते सगळं प्रामाणिकपणे टेपला सांगते. गाडीतल्या प्रत्येकाला कळतं, फोन येतोय. मोबाईलला अजून वाजायचंय.

गावाहून आत्या. तुम्ही घाईनं हिरवं बटण दाबता. पिन काढायची राहते, आणि आत्याचा आवाज चारही दारांतून, ढोलकीच्याच जोरात, येतो:

‘‘हां, कुठे पोचलात? बरं ऐक, वहिनी येतेय ना, तिला मोदकांना हात लावू देऊ नकोस हो. मागच्या वर्षीचे विसर्जनापर्यंत कुणी खाल्ले नाहीत.’’

तुम्ही पिन उपटता. काका पुढे रस्त्याकडे बघतायत, इतक्या एकाग्रतेनं त्यांनी घाटातसुद्धा बघितलं नव्हतं. चुलतभाऊ मखरामागे गेलाय.

‘‘घाल परत पिन,’’ मागून काकू म्हणते. ‘‘आणि तिला विचार, त्यातले अकरा कुणी खाल्ले होते.’’