वेग, वाट आणि बैठक

उतारवयात शौचाची जाणीव वेळेवर होणे, वेग थोडा वेळ धरता येणे आणि जागेवर पोचेपर्यंत निभावणे, या सगळ्याला मिळून मराठीत एक शब्द नाही. बोलण्यात मात्र प्रत्येक पायरीला वेगळा शब्द आहे: कळ आली, घाई लागली, धरवत नाही, कळलंच नाही. यातले शेवटचे वाक्य सगळ्यांत उशिरा आणि हळू आवाजात उच्चारले जाते. त्यामुळे या विषयाचा लेखी इतिहास तुटपुंजा आहे. तो शोधायचा तर वैद्यकाच्या पोथ्यांत, संडासांच्या जागांत आणि रोजच्या सवयींत शोधावा लागतो.

भाईंदरच्या पश्चिमेला, जुन्या धारावी बेटावर, उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही गावे एकमेकांना लागून आहेत. पाली हे त्यांतले समुद्रकाठचे कोळी गाव. वस्ती बहुतांश ख्रिस्ती. 1534मध्ये वसईबरोबर हा किनारा पोर्तुगीजांकडे गेला आणि 1739मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. राज्ये आली-गेली, तरी या पट्ट्यातल्या कोळीवाड्यांत सकाळच्या विधीची सोय समुद्रच पाहत असे. भरतीच्या रेषेखाली खडकाचा आडोसा बघून बसायचे. पुढची भरती जागा धुऊन नेई. दर्यावर गेलेला माणूस होडीच्या मागल्या अंगाला दोर धरून मोकळा होई. पण भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, आतड्याचे घड्याळ सरकत नाही. कधी खडक उघडे असत, कधी गुडघाभर पाण्यात. तरण्याताठ्याला त्याचे काही वाटत नसे. ज्याचे गुडघे धरले आहेत त्याला शेवाळावरून तोल सांभाळत जाणे हेच खरे संकट होते, आणि वेग त्या चालीसाठी थांबत नाही.

बायकांची गोष्ट याहून अवघड होती. देशावर काय नि कोकणात काय, बाईने परसाकडे जायचे ते उजाडण्यापूर्वी किंवा दिवेलागणीनंतर. मधल्या वेळी कळ आलीच तर दाबायची. मासळीची पाटी घेऊन दिवसभर बाजारात बसणाऱ्या कोळणीला तर दुसरा पर्यायच नव्हता. वेग वर्षानुवर्षे दाबला की मळ गुदाशयात साठून कडक होतो, गुदाशयाची भिंत ताणत जाते आणि भरल्याची खूण मेंदूकडे उशिरा पोचू लागते. त्यात घरी, सुईणीच्या हातची बाळंतपणे. प्रसूतीत गुदद्वाराचे स्नायू फाटले तर ते शिवायला कोणी नसे. तरुणपणी बाकीचे स्नायू ती उणीव भरून काढतात; पाळी गेल्यानंतर, कधी पंचवीस-तीस वर्षांनी, ती उघडी पडते. म्हाताऱ्या बाईच्या लुगड्याला लागलेल्या डागाचे कारण असे तिच्या तारुण्यात असे, घरचे मात्र ‘वय झालं’ म्हणून मोकळे होत.

वेग दाबू नये हे शास्त्राला माहीत नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय याच विषयाचा आहे. मूत्र, मल, अधोवात, शिंक, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप असे तेरा वेग धारण करू नयेत असे तो सांगतो. मलाचा वेग अडवल्यास पोटदुखी, डोकेदुखी आणि पोटऱ्यांत गोळे येतात, असेही त्यात आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात याची दुसरी बाजू येते: वेग अडवू नये, तसा बळेही आणू नये. या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिणारा हेमाद्री तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता. लोक त्याच्या नावावर देवळे आणि मोडी लिपी घालतात. कोठ्याच्या चर्चेतला त्याचा वाटा मात्र वैद्यांपुरताच राहिला. म्हातारपण हा वाताचा काळ आणि पक्वाशय, म्हणजे मोठे आतडे, हे वाताचे मुख्य ठिकाण, अशी आयुर्वेदाची मांडणी आहे. म्हणून वृद्धाच्या मलाची चिंता त्यात वारंवार भेटते.

घराघरांत उतरले ते यातले निम्मेच. वेग दाबू नये हे आचरणात आणणे बायकांच्या हाती नव्हते. बळे आणू नये हे पुरुषांनीही ऐकले नाही. आठवड्याला एरंडेल हा कित्येक मराठी घरांतला शिरस्ता होता: सुंठीच्या काढ्यात किंवा चहात चमचाभर, मुलाचे नाक दाबून. मोठ्यांसाठी रात्री त्रिफळा, हरडे किंवा कोमट पाण्यात इसबगोल, पहाटे तांब्याच्या भांड्यातले पाणी. ही झाली सभ्य साधने. प्रत्यक्षात अनेकांचा भरवसा तंबाखूवर असे. बिडीचे दोन झुरके मारल्याखेरीज पुरुषाला आणि दातांना मिश्री लावल्याखेरीज बाईला ‘होत नाही’, ही तक्रार कोकणापासून विदर्भापर्यंत सारखी ऐकू येते. निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते, म्हणून ती समजूत अगदीच निराधार नव्हे. पण किंमत तोंडाच्या कर्करोगाची आहे. रोजच्या जुलाबाच्या औषधाने दुसरेच होते: पातळ मळ धरून ठेवणे कमकुवत स्नायूला घट्ट मळापेक्षा फार कठीण जाते.

संडास जवळ असावा ही कल्पनाही जुनी. शिवकालीन सिंधुदुर्गात तटाच्या जाडीत शौचकूप बांधलेले आहेत. पहाऱ्यावरच्या माणसाला जागा सोडून लांब जावे लागू नये, हा त्यातला सरळ हिशेब. शहरांत हा जवळपणा दुसऱ्याच्या डोक्यावर उभा राहिला. वाड्यांच्या मागच्या बोळात टोपलीचा संडास असे आणि टोपली वाहणारी जात ठरलेली. रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932मध्ये भंगीकाम स्वतः करू देण्याचा आग्रह धरला. त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचे खत होईल अशा संडासांचा प्रसार केला. 1949मध्ये मुंबई सरकारने वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहण्यावर कायद्याने बंदी आली ती 1993मध्ये. वृद्धाची सोय हा यांपैकी कोणत्याही टप्प्याचा हेतू नव्हता, तरी संडास घराजवळ आणि पाण्याचा झाला तसा त्याला फायदा झालाच.

चाळीत संडास मजल्याच्या टोकाला, सामायिक आणि सकाळी रांगेचा. बाहेरून कोणी कडी वाजवत असताना सत्तरीच्या माणसाला पोट मोकळे होत नाही. 2000-01 सालचे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि 2014चे स्वच्छ भारत अभियान यांनी ‘हागणदारीमुक्त’ हा शब्द सरकारी कागदावर आणला, आणि पहाटे शिट्ट्या वाजवत फिरणारी ‘गुड मॉर्निंग पथके’ही. पालीचा किनारा मात्र याच काळात ग्रामपंचायतीच्या नव्हे, नगरपालिकेच्या, म्हणजे 1985च्या मिरा-भाईंदर नगरपरिषदेच्या आणि 2002पासून महानगरपालिकेच्या कारभारात होता.

वाट आखूड झाली तसा बैठकीचा प्रश्न पुढे आला. उकिडवे बसल्यावर गुदाशय आणि गुदनलिका यांच्यातला कोन सरळ होतो आणि कुंथावे लागत नाही. पण त्या बैठकीतून उठायला मांड्यांत बळ लागते. फ्लॅटबरोबर आलेल्या कमोडने गुडघ्यांची सुटका केली. कोन मात्र पुन्हा मुडपला. पायाखाली वीतभर उंचीचा पाट ठेवून थोडे पुढे वाकून बसणे, ही तडजोड कुठल्याही घरात जमते.

स्नायूंच्या शिक्षणाचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. हठयोगाच्या घेरंडसंहितेत अश्विनी मुद्रा आहे: गुदद्वार पुन:पुन्हा आवळायचे आणि सैल सोडायचे. 1918मध्ये योगेंद्रांनी मुंबईच्याच किनाऱ्यावर, वर्सोव्याला, योग संस्था काढली. 1924मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभारले आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान आणि नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात काय घडते हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापकाने तपासले. आत निर्माण होणाऱ्या उणे दाबाला त्यांनी आपल्या गुरूंवरून माधवदास पोकळी असे नाव दिले. पोथीतली क्रिया यंत्राखाली धरून बघण्याचा हा धीटपणा आजही दुर्मीळ आहे.

पाश्चात्त्य वैद्यकात गुदाशय भरताच आतला वर्तुळ-स्नायू आपोआप सैल पडतो, हे डॉक्टर गॉवर्स यांनी 1877मध्ये नोंदवले. त्या क्षणी गुदनलिकेचे संवेदनशील अस्तर आत वारा आहे, पातळ आहे की घट्ट, हे ‘चाखून’ बघते, आणि बाहेरचा ऐच्छिक स्नायू त्यानुसार आवळला जातो. वयाबरोबर आतल्या स्नायूचा दाब उतरतो, बाहेरच्याची पकड लवकर थकते; मधुमेहात जाणीवही बोथट होते. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. 1974मध्ये संशोधक एंगल आणि सहकाऱ्यांनी गुदाशयात छोटा फुगा फुगवून, स्नायूंच्या दाबाचा आलेख रुग्णालाच दाखवत गुदाशय भरताच आवळण्याची क्रिया पुन्हा शिकवता येते हे दाखवून दिले. केगल यांचा व्यायाम आणि अश्विनी मुद्रा एकमेकांच्या बऱ्याच जवळ आहेत.

आजच्या फिजिओथेरपीत हेच शिकवतात: वारा अडवताना जो स्नायू आवळतो तो ओळखायचा, काही सेकंद धरायचा, तेवढाच वेळ सैल सोडायचा, श्वास न रोखता. न्याहारीनंतर आतड्याला आपोआप जोर येतो, म्हणून रोज त्याच वेळी दहा मिनिटे बसायचे. नुसता भात आणि मासळी यांच्या जोडीला भाजी, डाळ, फळ हवे. सतत पातळ गळत असेल तर जुलाब समजून बंदीचे औषध देण्याआधी तपासणी हवी. वृद्धांत पुष्कळदा आत कडक खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपत असते. शौचात रक्त, घटते वजन किंवा अचानक बदललेली सवय दिसली तर डॉक्टर गाठणे टाळू नये. रात्रीसाठी पलंगाजवळ कमोडची खुर्ची, भिंतीला हाताशी दांडा, नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा आणि संडासापर्यंत जळता छोटा दिवा.