मनोरुग्णाचे कुटुंब आणि रुग्णालय : एक ऐतिहासिक टिपण

भारतीय मनोरुग्णालयांच्या इतिहासात रुग्णाच्या आप्तांना दीर्घकाळ स्थान नव्हते. १९१२ च्या कायद्याचा रोख रुग्णास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने रुग्णालयात ठेवण्यावर होता. त्याचे घर दाराबाहेरच राहिले. १९५० नंतरच्या दशकात अमृतसर येथील मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी हा प्रघात मोडला. आवारात तंबू उभारून त्यांनी आप्तांना रुग्णाजवळ राहण्यास बोलाविले. शुश्रूषा करता करता आप्तांना रोगाचे स्वरूप उमगले, भीती ओसरली आणि रुग्णास घरी नेण्याचे धैर्य त्यांना आले. १९५७ मध्ये सुरू झालेल्या वेल्लोर येथील मानसिक आरोग्य केंद्रात तर आप्तांचा सहवास हे उपचाराचेच एक अंग ठरले.

तथापि या प्रयोगांनंतरही एक प्रश्न उरलाच. आप्तांनी रुग्णालयाचा भार हलका केला खरा. परंतु घरी परतल्यावर वर्षानुवर्षे रात्री जागून काढणाऱ्या मातेचा भार कोणी हलका करावयाचा? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कुटुंबास साहाय्य करणाऱ्या सेवांची तरतूद करणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले. कुटुंब हे उपचाराचे केवळ साधन नसून त्यासही आधाराची गरज असते, ही गोष्ट कायद्याने मान्य होण्यास सुमारे सहा दशके लागली. ती व्यवहारात कितपत उतरली, हे मात्र त्या मातेच्या घरीच पाहावे लागेल.