एकटी चालते, दोघी का चालत नाहीत?

इतिहास म्हटला की आपल्याकडे राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. दूरचित्रवाणीवरील मालिकांनाही इतिहास असतो, आणि तो व्याख्यानमालेत सांगण्याजोगा असतो, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आम्ही तर कामगार संघटनेची माणसे. वेतन, बोनस आणि बडतर्फी हे आमचे विषय. परंतु जिच्याविषयी येथे सांगावयाचे आहे त्या मालिकेचा गाभा आमच्या विषयापासून फार दूर नाही. दोन स्त्रिया एका ठिकाणी नोकरी करतात, तेथे त्यांची मैत्री जुळते, आणि त्या मैत्रीची वरच्यांना धास्ती वाटते. मालिकेचे नाव ‘कॅग्नी अँड लेसी’. न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यातील दोन स्त्री डिटेक्टिव्हांची ही कथा सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर १९८२ ते १९८८ या काळात, एक खंड सोडला तर, चालली.

आधी त्या नोकरीचा इतिहास पाहू. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत स्त्री-पुरुष भेद करण्यास बंदी घातली. पण राज्ये आणि नगरपालिका यांच्या नोकऱ्यांना ती बंदी लागू झाली १९७२ साली. त्यानंतर न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर स्त्रिया गस्त घालताना दिसू लागल्या. तोच १९७५ साली शहराची तिजोरी रिकामी झाली आणि हजारो पोलिसांना कमी करण्यात आले. नियम लावला तो असा, की जो शेवटी आला तो आधी जाईल. हा नियम आमच्या चांगला परिचयाचा आहे. आपल्या औद्योगिक विवाद कायद्यातही तो १९५३ साली आला, आणि मालकाच्या लहरीपासून जुन्या कामगाराचे रक्षण त्याने केले. पण ज्यांना दारच काल उघडले, त्या शेवटी येणार हे ठरलेलेच! स्त्री पोलिसांच्या नोकऱ्या त्यात गेल्या आणि त्या न्यायालयात गेल्या. भेदभाव झाला नसता तर ज्या आधीच कामावर लागल्या असत्या, त्यांची ज्येष्ठता त्या काळापासून धरावी, असे तत्त्व अपील न्यायालयाने १९७६ साली मान्य केले.

या काळात पडद्यावर काय दिसत होते? ‘पोलीस वुमन’ ही मालिका १९७४ मध्ये सुरू झाली. तीत स्त्री होती, पण पुरुष सहकाऱ्यांच्या घोळक्यात एकटी. १९७६ मध्ये ‘चार्लीज एंजल्स’ आली. तीत तिघी होत्या. पण त्यांचा मालक चार्ली कधी समोर येत नसे, केवळ त्याचा आवाज येई आणि त्या आवाजाबरहुकूम तिघी कामाला लागत. ज्या मालकाचे तोंड दिसत नाही आणि हुकूम मात्र रोज येतो, तो मालक गिरणीकामगाराला कोणी समजावून सांगावयास नको.

१९७४ साली मॉली हॅस्केल या समीक्षिकेचे चित्रपटांतील स्त्रियांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुरुषांच्या दोस्तीचे चित्रपट हॉलिवूडने रग्गड काढले, तसा दोन स्त्रियांच्या दोस्तीचा एकही काढला नाही, हा विचार त्यातून बार्बरा कॉर्डे आणि बार्बरा ॲव्हेडन या दोन लेखिकांनी उचलला. दोघींनी मिळून पटकथा लिहिली. निर्माते बार्नी रोझेनझ्वाइग ती घेऊन दारोदार फिरले, पण कोणी तिला हात लावीना. अखेर सात वर्षांनी, ऑक्टोबर १९८१ मध्ये, ती दूरचित्रवाणीपट म्हणून लोकांपुढे आली. लोकांना ती आवडली आणि मार्च १९८२ पासून मालिका सुरू झाली.

खरा झगडा येथे सुरू होतो. लेसीची भूमिका टाइन डेली करीत होत्या आणि कॅग्नीची मेग फॉस्टर. थोडे भाग होतात न होतात तोच वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी तक्रार काढली की या दोघी फार कठोर वाटतात, स्त्रीमुक्तीवाल्या वाटतात, पुरेशा बायकी वाटत नाहीत. त्यांनी फॉस्टरबाईंना काढावयास लावले आणि त्यांच्या जागी शॅरॉन ग्लेस यांना आणले. काम वाईट केले असा आरोप नव्हता. आक्षेप होता तो दोघी एकत्र कशा दिसतात याला. आमच्या मते या सबंध इतिहासाची किल्ली येथेच आहे. एकटी कर्तबगार स्त्री वरच्यांना चालते. तिला अपवाद म्हणता येते, कौतुकाने हार घालता येतो. दोघी एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहिल्या की अपवाद संपतो आणि संघटनेला सुरुवात होते.

१९८३ च्या वसंतात वाहिनीने मालिका बंदच केली. मग प्रेक्षकांनी लेखणी उचलली. हजारो पत्रे वाहिनीच्या कचेरीत येऊन पडली. उन्हाळ्यात जुने भाग पुन्हा दाखविले तेव्हा प्रेक्षकसंख्या वाढली आणि सप्टेंबरमध्ये टाइन डेली यांना एमी पारितोषिक मिळाले. मार्च १९८४ मध्ये मालिका परत आली आणि एकूण १२५ भाग झाले. १९८३ ते १९८८ ही सहा वर्षे उत्कृष्ट अभिनेत्रीचे एमी पारितोषिक याच दोघींकडे राहिले: चार वेळा डेली, दोन वेळा ग्लेस. कॉर्डेबाई तर १९८४ मध्ये कोलंबियाच्या दूरचित्रवाणी विभागाच्या अध्यक्षा झाल्या. मेग फॉस्टर यांची भूमिका मात्र त्यांना परत मिळाली नाही. विजयाचा हिशेब मांडताना ही नोंदही खाली राहू देऊ नये.

त्या मैत्रीत होते तरी काय? लेसी दोन मुलांची आई. नवरा हार्वे बांधकामावरचा कामगार, घराची ओढाताण ठरलेली. कॅग्नी अविवाहित, निवृत्त पोलिसाची मुलगी, वर चढण्याची जिद्द बाळगणारी. त्यांचे मनातले बोलणे पुष्कळदा ठाण्यातील स्त्रियांच्या स्वच्छतागृहात होई. शहरी मंडळींनी याला हसू नये. जेथे मुकादम येत नाही तेथेच कामगार खरे बोलतो, मग ती चहाची टपरी असो की पाण्याचा नळ. पुढे कॅग्नी सार्जंट होते आणि बरोबरीच्या दोघींत एक पायरी उभी राहते. ती सांभाळून नाते टिकवावे लागते. १९८७ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर कॅग्नी दारूत बुडते, तेव्हा लेसी तिला गोंजारीत नाही. खडसावते आणि व्यसनमुक्तीच्या सभेला घेऊन जाते. मैत्री म्हणजे गोड बोलणे नव्हे, हे त्या मालिकेने निक्षून सांगितले.

आपल्याकडे १९८९ साली दूरदर्शनवर ‘उडान’ आली. कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि पोलीस अधिकारी कल्याणी सिंगची भूमिकाही केली. तिच्या वडिलांची भूमिका आपल्या विक्रम गोखल्यांची होती. पडद्यावर ही बाप-लेकीची आणि एकटीच्या चढणीची कथा दिसते. पण कथेचा आधार होता कविताबाईंची थोरली बहीण कांचन चौधरी-भट्टाचार्य, ज्या २००४ मध्ये उत्तराखंडात देशातील पहिल्या स्त्री पोलीस महासंचालक झाल्या. एकीने जगून दाखविले आणि दुसरीने मांडून दाखविले. पडद्यावर एकटी दिसणारी कल्याणी पडद्यामागे दोघींची होती.

कोणी म्हणेल, या मालिका शेवटी साबण विकण्यासाठीच असतात. असतात खऱ्या. जाहिरातदाराला पत्रे मोजता येतात म्हणूनच मालिका परत आली, हेही आम्ही नाकारीत नाही. पण गिरणीही कापड विकण्यासाठीच होती, आणि तरीही तिच्या दाराशी माणसे एकत्र आली. म्हणून पडद्यावर एखादी कर्तबगार अधिकारी दिसली की तिचा हुद्दा जरूर पाहावा. पण तिच्या शेजारच्या टेबलावर दुसरी स्त्री बसली आहे काय, आणि त्या दोघी एकमेकींशी बोलतात काय, हेही पाहावे. आपल्या कचेरीतही तेच पाहावे.