करकरणारी गाडी आणि तेलाची सवय

१/ गाडी गतिरोधकावरून गेली आणि खालून ‘कुईं’ असा आवाज आला, की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: “थोडे तेल सोडा.” हा सल्ला हजारो वर्षे बरोबर होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, अवघ्या दोनतीन दशकांत, तो गाडीच्या अनेक भागांपुरता चुकीचा ठरला. सवय मात्र तशीच राहिली. आजचा थ्रेड त्या सवयीचा.

२/ आरंभ बैलगाडीपासून. तिला स्प्रिंग नसे, त्यामुळे करकरण्याची जागा एकच: आख आणि चाकाचा तुंबा. म्हणून गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे आणि दूरच्या वाटेला निघण्यापूर्वी गाडीवान चाक सैल करून आखाला वंगण लावी. येथे निदान आणि उपाय यांत अंतरच नव्हते. आवाज आला, याचा अर्थ वंगण संपले.

३/ पण आवाज येतो तरी का? शार्ल-ओगुस्तां द कुलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने घर्षणावर केलेल्या कामाला १७८१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. (होय, विद्युतभाराच्या एककाला ज्याचे नाव आहे तोच.) स्थिर वस्तू हलवायला लागणारे बल ती सरकत ठेवायला लागणाऱ्या बलापेक्षा अधिक असते, आणि वस्तू जितका काळ स्थिर राहते तितके हे बल काही पदार्थांत वाढते, हे त्याने मोजून दाखविले. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या खड्ड्यात अधिक का कुरकुरते, याच्या उत्तराचा एक धागा येथे सापडतो.

४/ पुढचा टप्पा १९३९ चा. केंब्रिजमधील बाउडेन आणि लेबेन यांनी दाखविले की धातूवर धातू अखंड सरकत नाही; तो चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. ही क्रिया सेकंदाला शेकडो वेळा झाली की ती कानाला सूर म्हणून ऐकू येते. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो. फरक इतकाच, की वादक राळ लावून हे चिकटणे मुद्दाम वाढवतो आणि आपण तेल सोडून ते घालवू पाहतो.

५/ आता स्प्रिंगकडे. चांगल्या घोडागाड्यांची बैठक पूर्वी चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेली असे. १८०४ मध्ये लंडनच्या ओबडाया एलियट या गाडी बांधणाऱ्याने लंबवर्तुळाकार स्प्रिंगचे पेटंट घेतले. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, म्हणजे ज्यांना आपले मेकॅनिक आजही ‘पाटे’ म्हणतात, त्यांवर गाडी बसू लागली. गाडी हलकी झाली, प्रवास सुसह्य झाला आणि करकरण्याला एका जागेऐवजी दहा जागा मिळाल्या.

६/ या थ्रेडमधला मला सर्वांत आवडणारा भाग हा. पाटे वाकताना एकमेकांवर घासतात आणि त्यातून आवाज येतो. पण तेच घर्षण गाडीची उसळीही शमवते. पाट्यांत भरपूर तेल घातले की आवाज जाई आणि गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ झुलत राही. आरंभीच्या मोटारींपुढे हाच पेच होता. कुरकूर हा दोष होता, आणि शॉक अब्सॉर्बरचे फुकट मिळालेले कामही तीच करीत होती! म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आलेले त्रुफो-हार्टफर्ड शॉक अब्सॉर्बरसुद्धा घर्षणावरच चालत. त्यांत चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असत आणि बोल्ट आवळून घर्षण कमीजास्त करता येई. पुढे तेलावर चालणारे शॉक अब्सॉर्बर रुळले, तेव्हा कुठे पाट्यांना निश्चिंतपणे वंगण देता येऊ लागले. पाट्यांवर चामड्याची आवरणे चढवून आत ग्रीस भरण्याची पद्धतही होती.

७/ त्या काळी वंगण देणे हे मालकाचे नित्यकर्म होते. फोर्डच्या मॉडेल टी ला (१९०८ ते १९२७) पुढे एक आणि मागे एक असे आडवे पाटे होते, आणि त्यांच्या टोकांना ठराविक मैलांनी तेल द्यावे लागे. ऑस्कर झर्क याच्या ग्रीस निपलला १९२९ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले. ग्रीसगन टेकवायची आणि दाबायची, इतके काम सोपे झाले. आजही ट्रकच्या पाट्यांपाशी दिसणारे ते बारीक बोंडूक त्याच घराण्यातले.

८/ आणि मग रबर आले. १९२० च्या दशकात युरोपात ‘सायलेंटब्लॉक’ नावाचा सांधा बाजारात आला. नावातच शांतता होती. दोन धातूच्या नळ्या, एकीत दुसरी, मध्ये घट्ट दाबून बसविलेले रबर. भाग हलला की येथे काहीही घासत नाही, रबर स्वतःच पिळवटते आणि परत येते. जेथे घासणे नाही तेथे वंगणाचे काम नाही. आखाला वंगण लावण्याची प्राचीन कल्पनाच येथे निकालात निघाली.

९/ पण सवय निकालात निघाली नाही. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते आणि मऊ पडते. कुरकुरणाऱ्या बुशवर इंजिन ऑइल सोडले की आवाज चार दिवस थांबतो. त्यानंतर बुश अधिक लवकर फाटतो. संशय खरा की खोटा हे पाहायला साधे पाणी पुरते. गाडी दाबून हलवत एकेका बुशवर पाणी शिंपडावे. ज्यावर पाणी पडताच आवाज बदलतो वा थांबतो, तो दोषी. स्टॅबिलायझर बारचे रबर कोरडे पडले असेल तर सिलिकॉन ग्रीस चालते. बुश चिरला असेल, किंवा रबर नळीपासून सुटले असेल, तर बदलणे हाच उपाय. नवा बुश बसविताना शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी असताना द्यायचा. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि अकाली मरते.

१०/ भारतात हे दोन्ही काळ एकाच गाडीखाली नांदले. अँबॅसेडर ही मुळात मॉरिस ऑक्सफर्ड. ती उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत होती. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी म्हणजे फियाट ११००. दोघींच्याही मागे पाटे. जगाने मागे टाकलेली रचना बंदिस्त बाजारपेठेमुळे येथे दशकानुदशके रस्त्यावर राहिली, आणि तिच्याबरोबर ग्रीसगन व तेलाच्या कॅनचे ज्ञानही राहिले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी हटली ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये. आपल्या मेकॅनिकला तेलाची घाई असेल तर ते अज्ञान आहे असे मला वाटत नाही. ज्या गाड्यांवर तो शिकला, त्यांना ते लागतच होते.

११/ शेवटी बॉल जॉइंट. अमेरिकेत १९५२ च्या लिंकनवर तो पुढच्या सस्पेन्शनमध्ये आला; पुढे त्याला निपलऐवजी कारखान्यातच ग्रीस भरून रबरी टोपी चढविण्याची रीत पडली. या सांध्यात मात्र अजूनही धातू सरकतो, म्हणून तो कोरडा पडला की खरोखर कुरकुरतो, विशेषतः उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना. टोपीला सुई टोचून ग्रीस भरण्याची युक्ती अनेक गॅरेजांत चालते. आवाज थांबतो. पण टोपी बहुधा आधीच फाटलेली असते, आत पाणी व धूळ गेलेली असते आणि झीज चालूच राहते. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवे पडते. म्हणून ग्रीस भरण्याआधी चाक उचलून, खाली पहार घालून सांधा हलवून पाहावा. खडखड जाणवली तर त्या दिवशी गाडी तेथेच ठेवावी.