तुझा करार कोणता काटा खरा धरणार? : स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या पहिल्या प्रकल्पाचा छोटा इतिहास

गेल्या दिवाळीत घरी जालन्याला गेलो होतो. माझा पीएचडीचा विषय छोट्या उद्योगांतले डिजिटल करार. म्हणून लॅपटॉप घेऊन एमआयडीसीत भंगाराचा व्यापार करणाऱ्या ओळखीच्या एका काकांकडे गेलो. भंगार येतं, भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमधून सळई बाहेर पडते, हे जालन्यात शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी काकांना समजावलं: मिलने पैसे आधीच करारात ठेवायचे, माल पोचला की ते आपोआप तुमच्याकडे येणार.

काकांनी दोन पावत्या समोर ठेवल्या. ट्रक एकच. एक पावती बाहेरच्या वजनकाट्याची, दुसरी माल घेणाऱ्याच्या काट्याची. आकडे वेगळे. म्हणाले, "तुझा करार कोणता काटा खरा धरणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. का नव्हतं ते शोधताना मी एका अनपेक्षित ठिकाणी पोचलो: सुरुवातीला आपोआप तयार होणाऱ्या त्या फोल्डरपाशी.

आधी कल्पना, मग साधन

'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' हा शब्द निक झाबो यांनी १९९४ च्या सुमारास वापरला. १९९७ च्या लेखात त्यांनी दिलेलं उदाहरण होतं नाणं टाकून वस्तू देणाऱ्या यंत्राचं. अट पूर्ण झाली की यंत्र स्वतःच करार पाळतं. पण एक गोष्ट नीट बघा. नाणं यंत्राच्या पोटात पडतं आणि ते खरं की खोटं हे यंत्रच तपासतं. बाहेरच्या कुणाला विचारावं लागत नाही.

अटीवर पैसे देण्याची कल्पना आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी आहे. सावकारीत जोखमी हुंडी असायची. माल सुखरूप पोचला तरच पैसे, वाटेत बुडाला तर नुकसान हुंडी घेणाऱ्याचं. १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्यानेही अशा देशी हुंड्यांच्या स्थानिक रूढीला सहसा हात लावला नाही. पण 'माल पोचला' हे सांगायला तिथे आडत्या होता, पेढी होती, तिची पत होती. यंत्र आणि हुंडी यांतला फरक इथेच आहे.

फोल्डरमधले नमुने

इथेरियमची श्वेतपत्रिका व्हिटालिक ब्युटेरिन यांनी २०१३ च्या अखेरीस लिहिली, नेटवर्क ३० जुलै २०१५ ला सुरू झालं. त्याच्यासाठी सॉलिडिटी ही भाषा तयार झाली. पाठोपाठ साधनं आली: ट्रफल, मग हार्डहॅट, मग फाउंड्री. एक आज्ञा दिली की तयार फोल्डर मिळतो. त्यात कराराचा कोड, चाचण्या, करार नेटवर्कवर चढवण्याची स्क्रिप्ट, सेटिंगची फाइल आणि एक नमुना करार.

हे नमुने ओळीने लावून बघा. ट्रफलचा 'मेटाकॉइन': एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नाणी. हार्डहॅटचा आधीचा 'ग्रीटर': एक वाक्य साठवा, वाचा. नंतरचा 'लॉक': ठरलेली वेळ उलटली की मालकाने पैसे काढावेत. फाउंड्रीचा 'काउंटर': आकडा एकाने वाढवा. यातला एकही नमुना साखळीबाहेरच्या जगाला काही विचारत नाही. 'लॉक' वेळ विचारतो, पण तीही ब्लॉकमधलीच.

मी माझा करार 'लॉक'वरूनच बेतला होता. वेळेची अट काढली, 'माल पोचला' अशी खूण टाकली, पैसे घेणारा बदलला. फक्त 'मालक' ही ओळ तशीच राहिली. नमुन्यात करार चढवतो तोच मालक. माझ्या मांडणीत करार चढवणार होती मिल. म्हणजे माल पोचल्याची खूण करण्याचा हक्क एकट्या मिलला! काकांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कोडने परस्पर देऊन टाकलं होतं: मिलचा काटा खरा. ते मी ठरवलं नव्हतं, न बदललेल्या एका ओळीने ठरवलं होतं.

चाचण्या शोभेच्या नाहीत

जून २०१६ मध्ये 'द डीएओ' या करारातून सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले गेले. पैसे बाहेर पाठवल्यावर शिल्लक कमी करायची, हा क्रम नडला. मधल्या क्षणात पुन्हा पुन्हा पैसे मागता आले. पुढच्या महिन्यात इथेरियमची साखळीच दुभंगली. तेव्हापासून चाचण्यांच्या फोल्डरकडे लोक गांभीर्याने बघायला लागले.

आवृत्तीचंही तसंच. सॉलिडिटी ०.८.० डिसेंबर २०२० मध्ये आली. त्याआधी आकडा मर्यादेबाहेर गेला तर गुपचूप शून्यापासून सुरू व्हायचा. त्यानंतर व्यवहारच रद्द होऊ लागला. तोच कोड, वेगळा निकाल. साधनंही कायमची नसतात. ट्रफल बंद करण्याची घोषणा सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. मी कंपायलरची आवृत्ती पक्की लिहून ठेवली नव्हती. सहा महिन्यांनी माझ्याच चाचण्या माझ्याच लॅपटॉपवर चालेनात. चूक सर्वस्वी माझी.

साखळी काय सांगते, काय नाही

२०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रं पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम गाजला. त्यातून प्रमाणपत्रात नंतर फेरफार झाला का, हे तपासता येतं. पण मूळ चौकशी बरोबर होती का, हे साखळी सांगत नाही. ते काम माणसाचंच. भंगाराच्या वजनालाही हेच लागू.

तुम्ही सुरुवात करत असाल तर

फोल्डर बनवायच्या आधी वहीत तीन ओळी लिहा: पैसे कुणाचे, बातमी कोण आणणार, आणि बातमीवर वाद झाला तर काय. मग नमुना करार उघडा आणि त्यातल्या प्रत्येक हक्काची ओळ या तिन्हींशी ताडून बघा. कंपायलर आणि लायब्ररींच्या आवृत्त्या पक्क्या करा. खाजगी किल्ली फोल्डरमध्ये ठेवू नका. आधी लॅपटॉपवरच्या स्थानिक साखळीवर काम करा. आणि पहिली चाचणी 'सगळं ठीक चाललं' अशी लिहू नका. माझी पहिली चाचणी आता अशी आहे: 'दोन काट्यांत फरक पडला तर'.

नव्या मांडणीत दोन्ही बाजू आपापलं वजन सही करून नोंदवतात. फरक ठरलेल्या मर्यादेत असेल तर पैसे सुटतात. जास्त असेल तर अडकून राहतात आणि आधी मान्य केलेल्या तिसऱ्या काट्यावर ट्रक जातो. खरं वजन किती, हे करार अजूनही सांगू शकत नाही. पण कुणाच्या शब्दावर पैसे हलणार, हे दोघांनाही आधीपासून माहीत असतं.

काकांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तिसऱ्या काट्याचं भाडं कुणी द्यायचं, ते लिहिलंस का?"

नाही. आज तेच लिहायला बसलोय.