मुळ्यांची रात्र

मेक्सिकोच्या दक्षिणेकडील वाहाका शहरात दरवर्षी २३ डिसेंबरला मुळ्यांत कोरलेल्या मूर्तींचे प्रदर्शन भरते. ‘नोचे दे राबानोस’, म्हणजे मुळ्यांची रात्र, हे त्याचे नाव. आज तो स्पर्धेचा सोहळा असला तरी त्याचे मूळ भाजीबाजारात आहे.

मुळा या भूमीतला नव्हे. स्पॅनिश लोकांनी तो सोळाव्या शतकात मेक्सिकोत आणला. धर्मप्रसारकांनी स्थानिक शेतकऱ्यांना युरोपीय भाज्यांची लागवड शिकवली. वाहाकात लाकूड कोरण्याची परंपरा आधीपासूनच होती, त्यामुळे सुरीला नवे काम मिळाले एवढेच. नाताळाच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य असे, मासळी चाले. म्हणून २३ तारखेच्या बाजारात खारवलेली मासळी आणि भाजीपाला यांना उठाव असे. गिऱ्हाईक आपल्याकडे वळावे म्हणून माळी मुळ्यांच्या बाहुल्या कोरून मांडत, सोबत कांद्याची फुले आणि फ्लॉवरचे तुरे. ही कल्पना एका धर्मगुरूने सुचवली असे सांगतात. ती दंतकथाच असावी, कारण विक्रेत्याला असली युक्ती शिकवावी लागत नाही. गृहिणी मासळीबरोबर या बाहुल्याही नेऊ लागल्या आणि नाताळच्या जेवणाच्या टेबलावर त्या मधोमध मिरवू लागल्या.

१८९७ साली नगराध्यक्ष फ्रान्सिस्को वास्कोन्सेलोस फ्लोरेस यांनी या हौसेला स्पर्धेचे रूप दिले. त्यानंतर मुळ्याचे खाण्याशी असलेले नाते सुटत गेले. स्पर्धेचे मुळे नगरपालिकेच्या देखरेखीखाली वेगळे पिकवले जातात. नेहमीची काढणी उलटून गेली तरी ते जमिनीतच ठेवतात. मग ते अर्ध्या मीटरपर्यंत लांब आणि तीन किलोपर्यंत वजनाचे होतात, वेडेवाकडे फाटे फुटतात. असा मुळा खाण्याच्या कामाचा राहत नाही. कारागिराला मात्र हाच वेडेपणा हवा असतो. दोन फाटे निघालेला मुळा हाती आला की पाय तयारच असतात.

कोरण्यातली खरी गंमत रंगांत आहे. साल लाल, गर पांढरा. चेहऱ्यापुरती साल सोलली की गोरा चेहरा उघडा पडतो. खाली तीच साल ठेवली की लाल झगा होतो. सुटे हात, टोप्या काड्यांनी जोडतात. आपल्याकडच्या पांढऱ्या मुळ्यात हा खेळ जमायचा नाही. विषय बहुधा येशूजन्माचा असतो, पण बाजार, लग्न, नर्तक यांनाही मज्जाव नसतो.

कापलेला मुळा लवकर सुकतो, कडा तपकिरी पडतात. म्हणून मूर्तींवर सतत पाणी शिंपडतात, आणि प्रदर्शन काही तासांतच आटोपते. मक्याच्या कणसाची पाने आणि वाळवलेली फुले यांच्या कलाकृतींचे विभागही आता स्पर्धेत आहेत. त्यांना ही घाई नसते.